खांबाला वळसा

आमच्यात याला खांबाला वळसा घालणं म्हणायचे. कायम राहण्याच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत कामाचा तात्पुरता परवाना हवा, तर टपालाची वाट बघत कोण बसतंय? सीमेवर जायचं, अमेरिकेच्या झेंड्याच्या खांबापासून वळायचं, परत पाठवल्याचा त्यांचा कागद घ्यायचा आणि कॅनडात पुन्हा शिरताना खिडकीवर परवाना मागायचा. विनिपेगमधल्या निम्म्या फिलिपिनो बायकांनी हे केलं होतं.

मी गेले त्याच आठवड्यात माझा जुना परवाना संपत होता. तो संपला की वृद्धाश्रमातलं काम बंद, आणि माझ्या लेकीला, जोवीला, मायदेशातल्या इलोइलोहून आणणं आणखी लांबणार. आमच्यातला रोमुलोदादा गाडीतून बायकांना अशा फेऱ्या मारून आणायचा; त्याच्याच गाडीने मी निघाले. वाटेत त्याने केळीच्या पानातला चिकट भात पुढे केला, पण मी नको म्हटलं.

"एडेल, असं तोंड पाडून गेलीस तर अमेरिकावाले दया येऊन ठेवूनच घेतील हां," तो म्हणाला.

अमेरिकेच्या चौकीत हीटरने जीव गुदमरत होता. कागदाची वाट बघताना काचेतून पाहिलं, तर तपकिरी कोटातली एक बाई रोमुलोदादाच्या गाडीत मागे बसत होती. सेलमध्ये आम्ही सगळ्यांनी तोच कोट घेतलेला, म्हणून मला हसू आलं. पण ती चालताना उजवा पाय जरा ओढत होती. तसा मी ओढते.

बाहेर आले तर गाडी नाही. दादाला चार शिव्या हासडत पायीच निघाले. दोन चौक्यांमधल्या रस्त्यावर वारा कान कापत होता. झेंड्याची दोरी खांबावर आपटत राहिली.

कॅनडाच्या चौकीत खिडकीतल्या बाईने माझा पासपोर्ट उघडला आणि बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"तुम्ही मगाशीच परवाना घेऊन गेलात."

"अहो, पासपोर्ट तर माझ्याकडे आहे."

"तेव्हाही होता," ती हळू आवाजात म्हणाली. मला बसायला सांगून ती आत गेली.

मी घाबरले. रोमुलोदादाला फोन लावला.

"दादा, मी एडेल. मला सोडून कुठे गेलास?"

"कोण आहे? चेष्टा पुरे. एडेल मागे बसून भात खातेय."

"कुणाचा फोन, दादा?" मागून माझाच आवाज आला.

फोन बंद झाला.

मग जोवीला लावला. तिकडे रात्र होती, पण पोर बातमीसाठी जागीच होती.

"जोवी, बाळा, आई बोलतेय."



"आईचा फोन येऊन गेला," जोवी म्हणाली. "परवाना मिळाला तिला. 'माझ्या आवाजात कुणी बोललं तर घाबरू नकोस,' म्हणाली."

"अगं, मीच..." मला रडू फुटलं.

"तुम्ही रडू नका ना," जोवी म्हणाली.

तिचा सूर अगदी अदबीचा होता. परक्या माणसांशी असंच बोलायचं, हे मीच तिला शिकवलं होतं.