हेस्टरच्या घरातला फितूर

"ताई, खरं सांग... शुक्रवारी तू पोलीसचौकीपाशी काय करत होतीस?"

रविवारच्या भाजलेल्या मांसात रोवलेली सुरी हेस्टरने तशीच धरली होती! डॉर्कसच्या काळजाचं पाणी पाणी झालं. आई गेल्यावर जिला आपल्या तोंडचा घास भरवून वाढवलं, तीच धाकटी बहीण आज आपल्याला फितूर समजत होती...

थेम्स नदीच्या दक्षिणेकडच्या चोरट्या बायका हेस्टरला राणी म्हणत. लंडनच्या बड्या दुकानांतून रेशीम, फर उचलायची, डॉर्कसने शिवलेल्या चोरखिशांत दडवायची आणि लगेच विकून टाकायची. नियम एकच, चोरीचा माल अंगावर घालायचा नाही. जी घालेल तिच्या गालावर वस्तरा!

शुक्रवारी टोळीतल्या दोन पोरी पकडल्या गेल्या आणि राणीची झोप उडाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तिला दूधवाल्याच्या खोकल्यातही पोलीस ऐकू येई.

खरं काय ते डॉर्कसला ठाऊक होतं. हेस्टरचीच लाडकी लेक मर्टल चोरीची फर गळ्यात मिरवत बाजारात गेली. दुकानाच्या माणसाने फर ओळखली आणि ती त्या दोन पोरींना भेटायला गेली तेव्हा मागोमाग जाऊन त्यांना गाठलं. मर्टलला ओढून आणायला डॉर्कस धावली, तेव्हा वाटेत चौकी लागली, एवढंच.

समोर मर्टल ताटात मान घालून बसली होती. त्या कोवळ्या गालावर वस्तरा?... नाही, नाही!

"मीच चुगली केली," डॉर्कस म्हणाली.

"तू?" हेस्टरचा आवाज चिरकला. "ऊठ! गुत्त्यावर बायका थांबल्यात. त्यांच्या तोंडावर सांग."

डॉर्कसने कोट चढवला. तोच मर्टलने तिला मिठी मारली. "मावशी, नको गं! आई, फर मी घातली होती!"

हेस्टरने सुरी खाली ठेवली. "लहानपणी माझ्या चोऱ्यांपायी बापाच्या पट्ट्याचा मार तू खायचीस... आणि मी तुझ्यावरच संशय घेतला, ताई!" ती ओक्साबोक्शी रडली. मग डोळे पुसून तिने टोपी घातली.

"कुठे निघालीस?"

"फर मी घातली होती, असं सांगायला."

"अगं, तो वस्तरा..."

"नियम माझाच ना? मग राणीला सूट कशी?"

संध्याकाळी हेस्टर परतली ती गालावर रक्ताळलेला रुमाल दाबून. आता ती कुणाचीच राणी नव्हती. डॉर्कसला हुंदका आवरेना.

"रडू नकोस गं," हेस्टर म्हणाली. "जेवण उरलंय का, ताई?"