चोविसावी जागा

गडियाहाटच्या बाजारात मी त्या दिवशी गेले ती फक्त एक ब्रश आणायला. अगदी बारीक, चार केसांचा. "टोक ओलं करून बघ. सुईसारखं जुळलं तरच घे," असं यांनी निघताना दोनदा बजावलं होतं. दुकानातला म्हातारा म्हणाला, "तसबीर बनाती हैं?" मी नुसती मान हलवली. माझा नवरा शिशाचे शिपाई रंगवतो, हे त्याला कुठल्या भाषेत सांगणार होते मी?

तुम्ही माझ्या मुलीच्या, लीनाच्या पायांबद्दल विचारलंत, म्हणून हे सांगते आहे. कुणाला सांगितलं नाही अजून.

हे खिदिरपूरच्या गोदीत, कस्टममध्ये नोकरीला. बदली होऊन कलकत्त्याला आलो तेव्हा बालीगंजला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खाली घरमालकीण मीनाक्षीदी, वर आम्ही. लीना तेव्हा चार वर्षांची. सकाळी हे गेले की संध्याकाळपर्यंत मराठी बोलायला मला ती एकटीच, आणि तीसुद्धा निम्मं बंगालीत बोलायची. दुपारी ती झोपली की ट्रामच्या घंटा मोजत बसायची मी.

यांना तो एकच नाद. अंगठ्याच्या पेराएवढे शिशाचे शिपाई. एकाचा हात करवतीने कापून दुसऱ्याला बसवायचा, बंदूक घासून तिथे झेंडा लावायचा, टोपी बदलायला खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी थापायची, मग रंग. रविवारी शरच्चंद्र भावजी यायचे. तेही मराठीच, पण जन्म इथला, शाळेत इतिहास शिकवायचे. टेबलावर हिरवं ब्लँकेट, त्याखाली पुस्तकं घालून टेकड्या, आणि दोन मोठे पुरुष फूटपट्टीने मोजून पलटणी पुढे सरकवायचे. फासे टाकायचे, किती मेले ते ठरवायचे.

"वहिनी, तुमच्या नवऱ्याने माझी अख्खी पलटण गारद केली. आता चहा तरी द्या."

"मेलेल्यांना कुठला चहा, भावजी? पिंड ठेवते, कावळ्याला हाक मारा."

"बघितलंस जयप्रकाश? शत्रू घरातच आहे तुझ्या."

मला हसू यायचं. तेवढंच हसू आठवड्याला. माझा भरतकामाचा हात बघून हे पट्टे नि बटणं मला रंगवायला देऊ लागले. यांच्या पुस्तकांतलं इंग्रजी मला येत नव्हतं, पण चित्रं कळायची.

ती लाल डगल्यांची पलटण यांनी लिलावात घेतली. कुठल्या तरी गेलेल्या साहेबाच्या सामानातली. एका पत्र्यावर चार रांगा, रांगेत सहा, सगळे पायांशी कथलाचा डाग देऊन पक्के केलेले. मोजले तर तेवीस. मागच्या रांगेत शेवटची जागा रिकामी. यांनी भिंग लावून बघितलं.

"इथे कुणीतरी बसवलंय आणि काढलंय. एकदा नाही, तीनदा. डागावर डाग आहेत."

"मग आता तुम्ही बसवा ना एक."

"नको. का कोण जाणे... राहू दे रिकामीच."

मला ते बरं वाटलं नाही. आमच्या माहेरी पंगतीत मांडलेलं पान रिकामं ठेवत नाहीत. जेवणारा आला नाही, तर घरातलं एखादं मूल उचलून त्या पानावर बसवतात. मी स्वतः कितीदा बसले आहे परक्यांच्या पानावर. त्या रिकाम्या जागेकडे बघितलं की मला तेच वाटायचं, की कुणीतरी पान मांडून ठेवलंय आणि वाट बघतंय.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली. अंधार पाळायचा हुकूम निघाला. खिडक्यांना काळा कागद, दिव्याला कागदाची टोपी. डिसेंबरात इकडे पाचलाच काळोख होतो. दुसऱ्याच दिवशी मीनाक्षीदींकडे यांचा फोन आला, गोदीत काम आहे, तीन दिवस घरी येता येणार नाही.

त्या संध्याकाळी लीना लवकर झोपली. रस्त्यावर आवाज नाही, ट्राम नाही. टर्पेंटाइनचा वास आणि माझा श्वास, एवढंच घरात. मी यांच्या टेबलाशी बसले. म्हटलं, हे परत येतील तेव्हा काहीतरी गंमत दाखवू. एक मोडका शिपाई होता. त्याची बंदूक घासली, टोपी कापली. लांबीच्या दोन वेण्या केल्या, लाल डगल्याचा फ्रॉक केला. डोळे काढायचे नसतात एवढ्याशा चेहऱ्याला, भुवईखाली सावली पुरे, असं हे नेहमी म्हणत. पण डोळ्यांशिवाय लीना कशी होणार? चार केसांच्या ब्रशने दोन ठिपके दिले. आणि ती माझ्याकडे बघायला लागली. हुबेहूब लीना.

मग डागणी स्टोव्हवर तापवली आणि त्या रिकाम्या जागेवर तिला पक्की केली. चोवीस. पंगत पुरी झाली. मला खरंच समाधान वाटलं हो. त्याचीच आज सर्वांत जास्त लाज वाटते.

सकाळी उठले तर लीना दाराशी उभी. टाचा जुळवलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले.

"काय गं करतेस?"

"उभी आहे."

"दूध पी, ये."

"हलायचं नाही. ओरा बोललेत."

ओरा म्हणजे ते लोक. मला वाटलं, खालच्या मुलांबरोबरचा खेळ असेल. दुपारपर्यंत ती तशीच. खेळली नाही, रडली नाही. जेवायला बसवायला गेले तर मांडी घालेना. पाय वाकतच नव्हते तिचे. मी तेल लावून चोळत बसले. तळवे इतके गार, की देवघरातल्या पितळी समईला हात लागावा तसे.

"लीना, कोण ते? कुठे आहेत?"

ती माझ्याकडे न बघता समोर बघत म्हणाली, "पुढे जायचंय. खूप लांब."

डॉक्टरकडे न्यायचं म्हणून मी साडी बदलली, पैसे घेतले. तेवढ्यात अंधार पडला. आणि हवाई हल्ल्याचा भोंगा झाला.

तो भोंगा ज्यांनी ऐकलाय त्यांनाच कळेल. पोटातून वर येतो. जिन्यावर पावलं धावली. सगळ्यांनी खालच्या जिन्याखाली जमायचं असं ठरलेलं होतं. मी दिवा विझवला, लीनाच्या काखेत हात घातले आणि उचलली.

उचलली गेली नाही.

मला वाटलं माझीच पकड नीट बसली नाही. पदर खोचला, पुन्हा उचललं. चार वर्षांची पोर, सकाळ-संध्याकाळ कडेवर घेणारी मी... आणि ती जमिनीला रुतल्यासारखी. तसूभर हलेना. वजन माणसाचं नव्हतंच ते.

"ओ लीनार मा!" खालून मीनाक्षीदी ओरडल्या. "बच्ची को लेके जल्दी आओ!"

"आते हैं..." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"लीना, बाळा, सैल सोड अंग... आईकडे बघ."

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "ते निघाले."

तेव्हा मला कळलं. कसं कळलं ते विचारू नका, आईला कळतं. तिला तिथेच अंधारात सोडून मी पुढच्या खोलीत गेले. चाचपडत टेबल सापडलं. पत्रा सापडला. बोटांनी रांगा मोजल्या, पहिली, दुसरी, तिसरी. सगळे शिपाई बर्फासारखे गार. चौथ्या रांगेच्या टोकाला बोट लागलं आणि मी हात मागे घेतला. ती एकटी कोमट होती. तापातून उठलेल्या मुलाच्या अंगासारखी कोमट.

डाग वितळवायला डागणी हवी, डागणीला स्टोव्ह हवा, आणि बाहेर एक ठिणगी दिसली तरी खालून पहारेकऱ्याची शिट्टी वाजायची. भोंगा चालूच. पण ते मी आता सांगते आहे. तेव्हा एवढंच वाटत होतं, की हिला इथून काढायची, आत्ता. मी पत्रा छातीशी धरला आणि म्हणाले, "चुकलं माझं. लहान आहे ती. द्या मला परत..." कुणाला म्हणत होते? तेवीस शिशाच्या तुकड्यांना. पण खोलीत कुणीतरी थांबून ऐकावं तशी शांतता झाली. भोंग्याच्या आत ती शांतता होती.

मी तिला चिमटीत धरलं आणि पिळून ओढलं. कट्. बारीकसा आवाज.

आतल्या खोलीतून लीनाची किंकाळी आली. एकच. मी धावले. ती जमिनीवर कोसळून रडत होती, नेहमीसारखं, नाक गळत, "आई गं" म्हणत. उचलली तर पिसासारखी हलकी. जिन्याखाली मीनाक्षीदींनी तिच्या तोंडात खडीसाखर घातली. मी पूर्ण वेळ तिचे पाय कुरवाळत होते. गारच होते, पण वाकत होते. म्हटलं, मिळवलं. सगळं मिळवलं.

सुटकेचा भोंगा झाल्यावर वर येऊन टोपीखालच्या दिव्यात बघितलं. माझ्या मुठीतली मूर्ती घोट्यांशी तुटली होती. पत्र्यावर, चोविसाव्या जागी, दोन इवलीशी पावलं तशीच उभी होती.

तिसऱ्या दिवशी हे आले. दाढी वाढलेली, डोळे लाल. मी सगळं सांगितलं. हे हसले नाहीत, पण विश्वासही ठेवला नाही.

"एकटी राहिलीस, घाबरलीस. होतं असं." मग पत्रा हातात घेऊन म्हणाले, "हे पाय घासून टाकतो, म्हणजे तुझ्या मनातूनही जाईल." आणि कानस उचलली.

मी काही बोलायच्या आत लीना दारात आली. झोपेतून उठून आली होती ती. कानस अजून लागलीही नव्हती.

"बाबा, हळू."

यांनी कानस खाली ठेवली. तेव्हापासून पुन्हा हातात घेतलेली नाही. शरच्चंद्र भावजी दोन-तीन रविवार आले, चहा पिऊन गेले. मग येईनासे झाले.

याला आता चार वर्षं झाली. लीना आठ वर्षांची आहे, तुम्ही बघताच. वर्गात उंच आहे, केस दाट आहेत, पाढे तोंडपाठ. फक्त पायांना चार वर्षांच्या मुलीचे बूट येतात. पुजोच्या, म्हणजे दुर्गापूजेच्या दिवसांत दुकानदार दर वर्षी माप घेतो, एकदा तिच्या तोंडाकडे बघतो आणि तोच नंबर काढतो. डॉक्टर म्हणतात हाडं ठीक आहेत. धावली की पडते, म्हणून मी तिला धावू देत नाही.

पत्रा ट्रंकेत आहे, कापसात गुंडाळलेला. महिन्यातून एकदा उघडून बघते. धूळसुद्धा नसते त्यावर. यांची बदली होईल म्हणतात. ती ट्रंक मी स्वतःच्या मांडीवर घेऊन जाणार आहे, हमालाला हात लावू देणार नाही.

पण समोरच्या खिडकीतून बघून तुम्ही नेमकं विचारलंत ते वेगळंच होतं. रोज पहाटे मी ओलं फडकं घेऊन तिच्या पायथ्याशी का बसते, हे. तर लीना झोपेत उठून चालत नाही. दाराला आतून कुलूप घालते मी, किल्ली माझ्या उशाखाली असते. तरी पहाटे तिची पावलं मातीने भरलेली असतात. तांबडी, चिकट माती. कलकत्त्यात तसली माती मी कुठे बघितलेली नाही. मी ती पुसते, ती जागी व्हायच्या आत. इतकी वर्षं माती तळव्यांनाच असायची, पुसायला वेळ लागत नसे.

या सोमवारी घोट्यांपर्यंत होती. आज गुडघ्याखालपर्यंत आली आहे.