अठरा अंतरे बाकी

तृप्तीची स्कूटी शहागडला पंक्चर झाली, तेव्हा पंक्चरवाला भारत ट्यूब पाण्यात बुडवून गात होता. बुडबुडे सापडले नि गाणं अर्ध्यातच थांबलं.

"पुढं...?" तिनं विचारलं.

"पुढं सोल्यूशन लावायचं," भारत म्हणाला.

बंदिश त्याच्या पणजोबांची होती. अशा एकोणीस, एका वहीत. पणजोबांचं नाव मात्र तो सांगेना. रचणाऱ्यानं आपलं नाव अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या अर्ध्यात, गुंफलेलं असतं. ते तिथंच घ्यायचं, असा घरचा दंडक.

तृप्ती अंबडच्या छोट्या रेडिओ केंद्रावर निवेदिका. दर गुरुवारी शास्त्रीय संगीत तीन मिनिटं, मग बाजारभाव. भल्याभल्या गवयांना तिथं सोयाबीनपुढं थांबावं लागे. तिनं भारतला बोलावलं. समग्र पणजोबा, एकोणीस गुरुवार.

तो यायचा, हातांना ग्रीस आणि अत्तर दोन्हींचा वास. डोळे मिटून गायचा. अंतऱ्याला तोंड उघडलं, की केंद्रप्रमुख तातेराव काचेपलीकडून भावांचा कागद नाचवायचे. तृप्ती तुरीचे दर वाचायची, भारत उरलेली अर्धी बंदिश घेऊन एसटीनं परत जायचा. श्रोते विचारत, बंदिश कुणाची? ती सांगे, अज्ञात. भारत मान खाली घाली.

सातव्या गुरुवारी जिन्यात ती म्हणाली, "मला तरी ऐकवा की."

"जिन्यात न्हाई. पणजोबाचं नाव एकदा रेडिओवर जाऊ द्या, मंग म्हणाल तितकं ऐकवतो."

"आणि न्हाई गेलं तर?"

"तर..." त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग घाईनं जिन्याकडं. "तर अधूनमधून पंक्चर होत जा."

एकोणिसाव्या गुरुवारी वही संपली. आता त्याला यायला कारणच उरणार नव्हतं. तातेरावांनी कागद नाचवला. तृप्तीनं उठून काचेवरचा पडदा ओढला.

भारत चक्रावला, मग भीतभीत अंतऱ्यात शिरला. आणि शेवटच्या ओळीत, अगदी समेवर, ते नाव आलं —

"कडूपिया."

तृप्तीला हसू फुटलं. भारतच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला बघून तोही हसला.

"नाव कडूबा होतं," तो म्हणाला. "मंग गोड कुठून आणणार?"

"अठरा अंतरे ऱ्हायलेत अजून," ती म्हणाली. "रविवारी नऊच्या बसनं येते. स्कूटी न्हाई आणत. पंक्चर नको मला... तुम्ही पाहिजे."

माइक चालूच होता. त्या दिवशी सोयाबीनचा भाव कुणालाच कळला नाही. रविवारी नऊच्या बसला मात्र उभं राहायला जागा नव्हती.