परतीचे सोळा तास

"माझ्या पोरानं माझं शिलाई मशीन विकलंय," म्हातारे शिंपीकाका खुर्चीत टेकण्याआधीच म्हणाले. "तुम्ही सिद्ध करा. आजच त्याचं घर सोडतो."

खाजगी गुप्तहेर बारीकरावांनी मित्राकडे, मास्तरांकडे पाहिलं. जन्मभर गणित शिकवलेले मास्तर हल्ली त्यांच्यामागे फिरत आणि बहुधा दोन पावलं मागेच राहत.

"कधी गेलं मशीन?"

"काल दुपारी. मी डोळे दाखवायला गेलो होतो. सून माहेरी, आणि परदेशी नोकरी करणारी लेक घरी यायच्या विमानात. आज सकाळी पोचली बिचारी."

"लांबचा प्रवास?"

"विचारू नका. गेल्या साली मीही तिच्याकडे जाऊन आलो. जाताना सोळा तास, येताना चौदा. आल्यावर चार दिवस भरदुपारी घोरत होतो."

घरी मशीनचा कोपरा रिकामा होता. लोखंडी पायांचं जड धूड गेलं होतं, पण फरशीवर साधा ओरखडा नव्हता.

मुलाला माजघरात गाठलं. मशीनचं नाव काढताच तो गप्प. बहिणीबद्दल मात्र भरभरून बोलला. "विमान सुटताना ताईचा फोन आला. बरोबर सोळा तासांनी विमान टेकलं, मी विमानतळावर हजर. थोड्या वेळात ती बाहेर आली."

"तुम्ही कधी विमानात बसलात?"

"कुठलं हो."

स्वयंपाकघरात ताई भरदुपारी गुणगुणत भाजी निवडत होती. मास्तरांना पोर फार आवडली.

बारीकरावांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं.

"मशीन ओढलं नाही, उचललं. म्हणजे माणसं दोन. एक हा मुलगा. दुसरं कोण? ज्याच्यासाठी तो बापाच्या शिव्याही मुकाट खातो, ते."

"पण ताई विमानात होत्या," मास्तर म्हणाले. "सोळा तासांचा हिशेब बिनचूक आहे. अंतर जातायेता सारखंच."

"अंतर सारखं, मास्तर, वेळ नाही. पश्चिमेकडून येताना वरचा वारा पाठीशी असतो. काकांना चौदाच लागले. कालच्या विमानाला या मुलानं काकांच्या जाण्याचे सोळा लावले, कारण हिशेब घरी बसून केला. आणि आज आलेलं माणूस या वेळी पेंगत असतं. ताई, कधी आलात?"

मास्तरांचे कान लाल झाले. ताईचे डोळे भरले.

"आठ दिवस झाले. नोकरी सोडली. तिकडे जीवच रमेना. दोन गल्ल्यांपलीकडे खोली घेतली, शिवणकाम करायला. हात बसलाय तो बाबांच्याच मशीनवर, म्हणून दोघांनी ते तिकडे नेलं. पण मला शिकवून त्या मशीनपासून लांब ठेवायला बाबांनी रक्ताचं पाणी केलं. कुठल्या तोंडानं सांगू?"



"दोन गल्ल्यांवर होतीस," काका म्हणाले, "आणि आठ दिवस मला भेटली नाहीस?"

"तुम्ही विचारलं असतंत, परत का आलीस."

"जेवलीस का, ते विचारलं असतं गं." मग ते मुलाकडे वळले. "आणि तू रे? बाप चोर म्हणाला, तरी गप्प?"

"ताईनं शपथ घातली होती."

काकांनी त्याला जवळ ओढलं. "आता हाकललंस तरी जायचा नाही मी," ते म्हणाले.