वाटविसर

शनिवारी दुपारी भैरवदरा अभयारण्याच्या फाटकापाशी बारा शहाणीसुरती माणसं नाक वर करून रांगेत उभी होती. फाटकावरची बाई एकेकाच्या नाकपुडीत दोन फवारे मारायची आणि पाठीवर थाप देऊन पुढे सरकवायची. नाशिकहून आलेले एक गृहस्थ फवारा घेऊन वळले, मागच्या डोंगराकडे पाहिलं आणि एकदम ओरडले, "अहो, पण आपण आलो कुठून?"

"ह्याच फाटकातनं," त्यांची वाटाडी चिमाताई म्हणाली. "तेवढं तरी ध्यानात ठेवा, घरी विचारतील."

सगळे हसले. हसण्यासारखंच होतं म्हणा. सकाळी त्यांनी शेकरू पाहिलं होतं, दोराला लोंबकळत कडा उतरले होते, धबधब्यामागच्या गुहेत बसून भाकरी-ठेचा खाल्ला होता. हे सगळं त्यांना लख्ख आठवत होतं. पण ती गुहा फाटकापासून तासाभरावर की चार तासांवर, डावीकडे की उजवीकडे, असं विचारलं असतं तर बाराही जणांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं असतं.

फवाऱ्याचं नाव वाटविसर. मेंदूत जागांचा नकाशा जपणाऱ्या पेशी असतात, त्यांना ठिकाणपेशी म्हणतात. दिवसभरात चाललेली वाट त्या पेशींमध्ये पक्की व्हायला काही तास लागतात, आणि वाटविसर ती कच्ची असतानाच, श्वासासरशी पुसून टाकतो. काय पाहिलं ते राहतं, कुठे पाहिलं ते जातं. दहा वर्षांपूर्वी एकाने सुंदर कुंडाचा फोटो टाकला की पुढच्या रविवारी तिथे पाचशे माणसं यायची, आणि त्यांच्या मळलेल्या वाटेने मागून शिकारी यायचे. जंगलाला कायमचं कुलूप लावायची वेळ आली होती. आता फोन, कागद, पेन्सिल सगळं फाटकावर ठेवायचं. वाटाड्याच्या मनगटात दिशाकडं असतं, ते थरथरून डावं-उजवं सांगतं. बाहेर पडताना वाटाड्यालाही फवारा. जंगल पुन्हा दाटलं, गिधाडं परतली. तक्रारीला जागाच नव्हती.

चिमाताईने नेहमीप्रमाणे शेवटी फवारा घेतला, शिंकली, आणि गाडीकडे निघाली. तेवढ्यात एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, "ताई, तुम्ही तुमच्या गोंदणवाडीचं किती छान सांगितलंत! ती होती कुठल्या बाजूला?"

"ही काय, ह्या अंगाला..." चिमाताईने हात वर केला. हात वर गेला आणि तिथेच राहिला. डोंगर समोर होता, सोंडा होत्या, घळी होत्या, पण हाताला कुठे जावं ते कळेना.

"मलाबी फवारा मारलाय की गं," ती हसत म्हणाली. "मी काय येगळी हाय व्हय?"

मुलगी हसून गाडीत बसली. चिमाताईचं हसू मात्र तोंडावरच राहिलं. आजची वाट विसरली, ते रोजचंच. पण गोंदणवाडी आजची थोडीच होती? अठराव्या वर्षी ती तिथे सून म्हणून आली होती. आठ वर्षं तिने तिथे पाणी भरलं, भात लावला, चूल फुंकली. मग अभयारण्य झालं आणि बावीस घरांना खाली पठारावर आणून बसवलं. त्याला सत्तावीस वर्षं झाली. तिची जागा कशी जाईल?

वय झालं असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. ते काही पटलं नाही. नातवंडांचे वाढदिवस, दुकानदाराच्या पोरीचं सासर, कोण कोणाशी का बोलत नाही, सगळं तिच्या जिभेवर होतं.

आणि नेमकं मंगळवारी तिच्यावाचून अडणार होतं. गोंदणवाडीच्या लोकांनी अर्ज केला होता की वर्षातून एक दिवस आम्हाला आमच्या जाखाईला जाऊ द्या. देवी तिथेच राहिली होती, गेलेली जाणती माणसं तिथल्याच मातीत होती. वनखात्याचं उत्तर आलं की बावीस घरं हलवल्याची नोंद आहे, पण वाडी कुठल्याच जुन्या नकाशात नाही, उपग्रहातून नुसते झाडांचे शेंडे दिसतात. घरांची जोती आणि देवीचं ठाणं प्रत्यक्ष दाखवा, मग परवानगी. पाहणी एकदाच होईल. वाडीच्या बैठकीत सगळ्यांनी चिमाताईकडे बोट केलं, जंगलात रोजची ये-जा तिचीच. नवरा असता तर तो गेला असता, पण सावळाराम जाऊन सहा वर्षं झाली होती. चुलतसासरे दुंदाआबा वाडीत सगळ्यात जाणते, पण त्यांचे डोळे गेलेले. आणि हीसुद्धा काय कमी! छाती पुढे काढून म्हणाली होती, "डोळं झाकून नेते."

त्या संध्याकाळी तिने फरशीवर पिठाने रेघा ओढल्या. हे घर. हा उंबरा. उंबऱ्याचा मधे झिजलेला खळगा आठवला, दारात वाळत घातलेल्या नागलीचा वास आठवला. पण दारातून बाहेर पडल्यावर विहीर डाव्या हाताला की उजव्या? तिने विहीर एकदा इकडे काढली, पुसली, तिकडे काढली, पुन्हा पुसली. शेवटी सगळं पीठ हाताने विस्कटून टाकलं आणि घाबरून तशीच बसून राहिली. सुनेने विचारलं तर म्हणाली, मुंग्या झाल्यात.

मंगळवारी सकाळी ते तिघे आत शिरले. पाहणीसाठी वनखात्याकडून डॉ. ऋता माहुलकर आल्या होत्या. वाटविसर ज्यांनी तयार केला त्यांतल्या त्या एक. पन्नाशीच्या, बोलायला साध्या, पायात वापरून मऊ झालेले बूट. नोंदीचं सीलबंद यंत्र फक्त त्यांच्याकडे होतं. दुंदाआबा एका हातात काठी आणि दुसरा हात चिमाताईच्या खांद्यावर ठेवून चालत होते. वाडी सहलीच्या कुठल्याच वाटेवर नव्हती, त्यामुळे दिशाकड्याचा आज उपयोग नव्हता. मागून देखरेखीचं ड्रोन घोंगावत येत होतं.

चिमाताई चालत राहिली. थांबली तर आबांना कळलं असतं. ओढा ओलांडला, चढ चढली, एका सपाटीवर आली, वाटलं हेच. कशाचं काय! करवंदीच्या जाळ्या नुसत्या. ती खाली उतरली, परत ओढा लागला.

"चिमे," आबा म्हणाले, "ह्यो वढा दुसऱ्यांदा आला का गं?"

"न्हाई आबा, दुसरा हाय."

"दुसरा वढा आपल्याकडं नव्हताच."

अजून तासभर गेला. तिसऱ्यांदा तेच पाणी, तोच काळा धोंडा. चिमाताई मटकन धोंड्यावर बसली. "आबा, मला नाय सापडत," ती म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं. "समदं आठवतंय वो. पर कुठं, त्येच कळंना. मपल्या डोस्क्याला काय झालंय त्येच कळंना!"

आबांनी काठी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि चाचपत तिच्या खांद्यावर हात ठेवला. माहुलकरबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. मग हळूच विचारलं, "चिमाताई, सहलीत तुम्ही लोकांना वाडीबद्दल सांगता का?"

"दर खेपेला. गुहेत बसल्यावर लोक इचारतात. मंग मी सांगते, हितनं असं गेलं की विहीर, विहिरीवरनं असं की जाखाई. लोकांस्नी लई आवडतं. नऊ वर्सं सांगतेय."

"आणि सांगून झालं की त्याच दिवशी फाटकावर फवारा घेता."

"मंग? घ्यावाच लागतो."

माहुलकरबाईंनी कपाळाला हात लावला. "जुनी आठवण पक्की असते, तिला फवारा काही करत नाही. पण आपण ती आठवण बाहेर काढली, डोळ्यांपुढे आणली, की ती काही तासांपुरती पुन्हा कच्ची होते. मग परत पक्की होते. त्या कच्च्या वेळात फवारा बसला तर..."

"सारवणावानी," चिमाताई म्हणाली. "वाळल्यावर कायबी होत नाय. पाणी शिपडलं की बोटानं निघतं."

"तसंच."

"म्हंजी मी जेवढं सांगितलं, तेवढं गेलं. नुसतं बोलणं त्वांडपाठ ऱ्हायलं."

माहुलकरबाईंनी मान डोलावली. "आम्ही हे बाहेरून येणाऱ्यांवर तपासलं होतं. त्यांचं इथलं जुनं असं काहीच नव्हतं. तुमच्यासारख्या माणसांचा... खरं सांगते, विचारच नाही आला आमच्या मनात."

चिमाताईला रागही धड येईना. लोक वाहवा करत होते म्हणून तिनेच तर वाढवून वाढवून सांगितलं होतं. विहीर गेली, देऊळ गेलं, स्वतःच्या हाताने वाटून टाकल्यासारखं सगळं गेलं.

"एखादी जागा आहे का," माहुलकरबाईंनी विचारलं, "जी तुम्ही कधीच कुणाला सांगितली नाही? सहलीत असताना मनातसुद्धा आणली नाही?"

चिमाताई दचकली. होती एक.

पहिली पोर. चौदा दिवसांची होऊन गेली, नावही ठेवलेलं नव्हतं. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. घरामागच्या चढावर बेहड्याच्या झाडाखाली तिला ठेवलं होतं. पुढे दोन मुलगे झाले, त्यांनाही चिमाताईने हे कधी सांगितलं नाही. सहलीत मन तिकडे वळायला लागलं की ती मोठ्याने बोलायची, कुणाचीतरी थट्टा करायची, मन मागे ओढायची. वाडीत असताना मात्र वर्षभर ती रोज तिथे जात होती, ओढ्यावर धुणं टाकून, कुणाला न सांगता.

ओढ्यावरून! तिने मान वर केली. हाच तो धोंडा, ह्यावरच तर ती धुणं आपटायची. इथून उन्हाकडे पाठ करून चढ, मग दोन सपाट कातळ, मग कुड्याची जाळी, आणि तिच्यावर बेहडा. एवढी स्वच्छ वाट की पायांना वळवळ सुटली.

पण आत्ता ती आठवली, म्हणजे कच्ची झाली. संध्याकाळी फवारा. हे तिला तिथेच, धोंड्यावर बसल्या बसल्या कळलं. नाही म्हणावं, वाडी सापडत नाही म्हणून परत फिरावं, असं मनात येऊन गेलं. पण फवारा तर तरीही चुकणार नव्हता. आणि खांद्यावर आबांचा हात होता, वय पंच्याऐंशी, देवीच्या पायाशी एकदा डोकं टेकायचं म्हणून दोन महिने भाताचा घास गोड न लागलेला माणूस.

"चला," ती म्हणाली, आणि झपाझप निघाली. आबांना तिच्या चालीने चालता येईना.

बेहडा होता. अफाट वाढला होता, चौघांच्या कवेत मावला नसता. चिमाताई खाली बसली आणि पाचोळ्यावर तळवा टेकून राहिली.

"इथे काय आहे?" माहुलकरबाईंनी यंत्र काढत विचारलं. "नोंदवू?"

"नोंदवल्यावर काय व्हतं?"

"ते स्थळ होतं. नकाशात जातं."

नकाशातल्या स्थळांचं काय होतं, हे वाटाड्याला कोणी सांगायला नको. पुढच्या हंगामात सहलीची वाट इथून निघाली असती, बारा माणसं इथे बसून डबे उघडती, आणि कुणीतरी विचारतं, ताई, ह्या झाडाची काय गोष्ट?

"कायबी नाय," चिमाताई म्हणाली. "सावली हाय. दम खायला थांबायची मी."

हातातली बांगडी काढून मुळाशी पुरावी असं तिला वाटलं. पण डोक्यावर ड्रोन होतं. आत राहिलेली टाचणीसुद्धा ते उचलून नेत असे. तिने बांगडी पुन्हा सारखी केली आणि उठली.

बेहड्याकडे पाठ केली की खाली आपलं परसदार, हे पायांना ठाऊक होतं. ती उतरत गेली आणि खरंच जोती लागली, गवताखाली दगडांच्या ओळी, एक, मग दुसरी, मग सगळी आळी. वडाच्या पारंब्यांत जाखाईचा तांदळा होता. शेंदूर उडालेला, पण होता. आबांनी चाचपत हात पुढे केला, दगड हाताला लागला आणि ते "आई, आई" करत हुंदके देऊन रडले. माहुलकरबाईंचेही डोळे भरले. त्यांनी एकेक जोतं नोंदवलं, देवी नोंदवली, परवानगीचा शिक्का उमटला. दर वर्षी एक दिवस, सगळ्या वाडीला, दिशाकड्याच्या मदतीने. काम फत्ते झालं होतं.

परतताना आबा तिच्या कानाशी म्हणाले, "बेहड्याखाली टेकलीस तवा वळखलं मी. सावळ्यासंगं खड्डा मीच खांदला व्हता." थोडं चालून ते पुन्हा म्हणाले, "आज मलाबी याद आली तिची. येयाला नको व्हती."

फाटकापाशी ऊन कलतं झालं होतं. नियम सगळ्यांना सारखा होता. पाहणीला गेलेल्यांपैकी एकानेही फवारा नाकारला तर पाहणीच रद्द धरायची, असं कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. माहुलकरबाईंनी आधी स्वतः फवारा घेतला. मग आबांनी.

चिमाताई पुढे झाली. नळी नाकाशी आली तशी तिने फाटकावरच्या बाईचं मनगट धरलं आणि माहुलकरबाईंकडे वळली.

"बाई, एक इचारते. कुठं ते जाईल, ते समजलं मला. डोंगरभर बेहडेच बेहडे हायेत. पर पुढल्या वर्षी मी जाखाईला आले, आन् उगाच हिंडता हिंडता नेमकी त्याच झाडाखाली जाऊन बसले, तर मला कळंल का? डोस्क्याला नाय म्हणत मी. चौदा दिस पाजलंय तिला. अंगाला कळंल का?"

ती सावली कसली होती, हे माहुलकरबाईंना तेव्हा कुठे उमगलं. बारा वर्षं त्यांनी ह्या औषधावर घालवली होती, उंदरांवर, माकडांवर, माणसांवर चाचण्या केल्या होत्या. हे तपासावं असं कुणालाच वाटलं नव्हतं.

"ताई, उशीर होतोय," फाटकावरची बाई म्हणाली आणि मनगट सोडवून घेऊ लागली.

"थांब गं जरा," चिमाताई तिचं मनगट तसंच घट्ट धरून म्हणाली. "त्यास्नी सांगू दे."