बारा मिनिटं धुतलेली फिल्म

भर दुपारी मी फोटोवाल्या मास्तरांच्या अंधारखोलीत गेले, ती एका कुलपासाठी. शिवणकारखान्याला आग लागली, माझ्या आत्यासह नऊ बायका आत जळाल्या. आणि मालक म्हणतो, मागचं दार उघडंच होतं, त्याला कुलूप कधी लावलंच नाही. आगीच्या आधीच्या सुटीच्या दिवशी मी त्याच जाळीच्या दाराचा फोटो काढला होता. उद्या चौकशी. कुलूप दिसलं, तर मालक सुटणार नव्हता.

पण कॅमेरा बाबांचा जुना, खोक्याचा. त्याचं भिंग साधं. सगळं धूसर येतं. मास्तरांनी बजावलं, फिल्म आठच मिनिटं धुवायची. जास्त ठेवलीस तर काळं-पांढरं भडक होईल, धार येणार नाही. धार द्यायची ती भिंगानं. घाई तुझ्या पाचवीला पुजलीय, असंही म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

मी बारा मिनिटं ठेवली.

फिल्म वाळल्यावर लाल दिव्यात कागदावरची पहिली प्रत तबकात हळूहळू वर येऊ लागली. औषधाचा आंबूस वास, नळाची टिपटिप. भिंत धूसर. दार धूसर. कुलूप मात्र चावीच्या भोकासकट स्पष्ट. आणि जाळीतून बाहेर आलेली चार बोटं... सुरकुत्या मोजाव्यात इतकी रेखीव. करंगळी मशीनमध्ये सापडून वाकडी झालेली, आत्याची होती तशीच.

फोटो काढला त्या दिवशी कारखाना बंद होता. आत्या माझ्या मागे उभी होती, लवकर आटप म्हणत.

मास्तर आले. बराच वेळ प्रत न्याहाळत राहिले.

“हे या कॅमेऱ्याचं काम नाही, पोरी.”

“पण कुलूप दिसतंय ना?”

“दिसतंय. म्हणूनच बनावट म्हणतील...”

मी चिडले. खरं धूसर असेल तरच लोकांना पटतं का, असं बरंच बोलले. त्यांनी पहिली प्रत पाण्यात सोडली आणि काळं-पांढरं जरा सौम्य उतरवणाऱ्या कागदावर दुसरी काढली.

दुसऱ्या प्रतीत बोटं नव्हती. कुलूप कडीला उघडं लोंबत होतं. दार हातभर बाहेर ढकललेलं.

“निगेटिव्ह... एकच आहे ना?” मास्तरांनी विचारलं.

मी पहिल्या प्रतीकडे धावले. तोच माझा पुरावा होता. तिच्यातही आता दार सताड उघडं होतं. ती उचलायला मी पाण्याच्या तबकात हात घातला आणि कळवळून मागे घेतला.

त्या उघड्या दाराभोवती पाणी उकळत होतं.