डाव्या सीटवरचा लीक

खोटं वाटत असेल तर माझी मिशी बघा. उजवीकडे आहे. डावीकडे नाही.

गल्लीत म्हणतात, याच्या बोलण्यावर जाऊ नका, हा चेष्टेखोर आहे. आहेच मी. सलूनवाल्याच्या आरशाला साबण फासणारा मीच. पण हे घडलंय. गेल्या रविवारी, रात्री-बिरात्री नाही, लख्ख उन्हापासून दिवेलागणीपर्यंत, शेजारच्या काकांच्या गेटसमोर.

पैज सलूनवाल्याशी लागली.

"काकांची गाडी तुझ्याच्याने नीट व्हायची नाही," तो म्हणाला.

"दिवे लागायच्या आत करतो. नाही झाली तर अर्धी मिशी तुझ्या वस्तऱ्याखाली, इथंच गेटसमोर खुर्ची टाकून. झाली तर तुझं टक्कल."

"अर्धं आधीच झालंय लेका."

"मग उरलेलं."

सगळे हसले. काका नाही.

मागच्या वर्षी काकूंना दम्याचा अटॅक आला. काकांनी गाडी काढली. वळणावर ती घुटमळली आणि बंदच पडली. दवाखान्याची पाटी समोर दिसत होती. काकू डाव्या सीटवरच गेल्या. नातेवाईक बोलले, म्हाताऱ्याने घाबरून रेस जास्त दिली.

तेव्हापासून काका एकच विचारायचे. मेकॅनिकला, मला, भिंतीला.

"दोष गाडीचा होता, का माझा?"

प्लग बदलले. वायरी बदलल्या. कार्बोरेटर खोलून साफ केला. तरी गाडी उभ्या जागी थरथरायची, रेस दिली की अडखळायची.

माझं स्पेअर पार्टचं दुकान. म्हटलं, कुठूनतरी हवा ओढतेय. पाण्याच्या पाइपचा तुकडा घेतला. एक टोक कानाला, दुसरं इंजिनावर फिरवायचं. जिथं फट, तिथं सूं आवाज येतो.

काका स्टिअरिंगवर बसले. गाडी चालू केली.

पाइप फिरवला...

सूं...

आवाज थांबला.

परत सूं... तो थांबला की इंजिन गचका खायचं.

लीक असा थांबत नाही हो.

पाइप पुढे नेला, आवाज बारीक. मागे नेला, मोठा. बॉनेटखालची जागा संपली. डाव्या खिडकीतून पाइप आत घातला...

कुणीतरी माझ्या कानात धापा टाकत होतं.

सीट रिकामी.

"काका, गाडी बंद करा."

केली. इंजिन गप्प.

सूं...

सूं...

"सापडलं?" काका खिडकीकडे वाकले. "खरं सांग रे. आज चेष्टा नको."

मी पाइप कानापासून दूर केला. खरं काय ते मला आजही माहीत नाही.

"सापडलं. दोष गाडीचाच, काका. तुमचा पाय बरोबर होता."

"मग दुरुस्त कर."

"नाही होणार."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पाइपकडे. हात पुढे केला.

मला द्यायचा नव्हता...

दिला.

मग मी गाडीची बॅटरीच काढली. आता काही चालू व्हायलाच नको.

दिवे लागले. गेटसमोर खुर्ची आली. अख्खी गल्ली जमली, पोरं शिट्ट्या मारत होती. मी बसलो, बॅटरी पायाशी ठेवली. सलूनवाल्याने फेस लावला.

"काय रे, आज तोंडाला कुलूप?"

डावी मिशी वस्तऱ्याखाली आली आणि त्याचा हात थांबला...

शिट्ट्या थांबल्या.

मागे गाडी चालू होती. एकसारखी. जराही न अडखळता.

"बॅटरी कुठाय?" त्याने हळूच विचारलं.

मी पायाकडे बोट दाखवलं.

काका आत बसले होते. पाइप कानाला, पाय रेसवर. उघड्या खिडकीतून आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

"हळू श्वास घे गं... पोचतोच आहोत आपण."

सलूनवाल्याने वस्तरा माझ्या ओठावरून उचलला.

"गाडी नीट झाली की रे," तो पुटपुटला. "पैज तू जिंकलास."

"नाही झाली," मी म्हटलं. "तू भादर गपचूप."